शॉर्टकट छापताना परतीची कळही छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

वृत्तपत्रांच्या तंत्रज्ञान पुरवण्यांतून फोटोशॉप या फोटो-संपादन सॉफ्टवेअरच्या शॉर्टकटच्या याद्या अधूनमधून छापून येतात. फ्लेक्सच्या दुकानांत, फोटो स्टुडिओंत, पत्रिका छापणाऱ्यांकडे त्यांची कात्रणे मॉनिटरशेजारी चिकटवलेली दिसतात, म्हणजे त्यांना वाचक आहे. माझी तक्रार त्या याद्यांत जे नसते त्याबद्दल आहे. कोणती कळ दाबली की काय होते एवढेच तिथे सांगितलेले असते. तीच कळ चुकून दाबली गेली तर काय दिसेनासे होते आणि ते परत कसे आणायचे, याचा उल्लेख नसतो.

प्रत्येक शॉर्टकटपुढे आणखी तीन गोष्टी छापाव्यात, अशी विनंती आहे: तो कोणत्या आवृत्तीपासून लागू आहे, दाबताना कोणते टूल निवडलेले असावे लागते, आणि परतीची कळ कोणती. ‘कंट्रोल + एच : एक्स्ट्राज लपवा’ ही ओळ निरुपयोगी आहे. ‘कंट्रोल + एच : सिलेक्शनची हलती रेघ, गाइड्स, ग्रिड लपतात. सिलेक्शन दिसत नसले तरी चालू राहते. परत दाबल्यास दिसते. सिलेक्शन नकोच असेल तर कंट्रोल + डी’ ही ओळ कामाची आहे. (सिलेक्शन म्हणजे चित्राचा निवडलेला भाग. इथे सगळ्या कळा विंडोजच्या आहेत. मॅकवर कंट्रोलच्या जागी कमांड आणि आल्टच्या जागी ऑप्शन.)

असे का हवे ते सांगतो. ऐन लग्नसराईत पत्रिकेवरच्या नावांची सावली गायब झाली, ब्रश उमटेना किंवा शॉर्टकट चालेनासे झाले, की ‘सॉफ्टवेअर करप्ट झालं’ हा पहिला निष्कर्ष निघतो. मग अनइन्स्टॉल, पुन्हा इन्स्टॉल, अर्धा दिवस पाण्यात. आणि फाइल उघडावी तर दुखणे तसेच. ते तसेच राहणार, कारण लेयर (चित्राचे एकावर एक ठेवलेले थर), इफेक्ट (सावलीसारखे परिणाम), मास्क (लेयरचा काही भाग झाकणारा पडदा) यांची दृश्य-अदृश्य स्थिती फोटोशॉपच्या पीएसडी फाइलमध्येच साठवलेली असते. फोटोशॉप दहा वेळा काढून घातले तरी फाइलमधला बंद डोळा (दाखवा-लपवाची खूण) बंदच राहतो.

म्हणून दोष कुठे राहतो हे आधी ठरवावे. त्याच्या जागा तीन: फाइल, फोटोशॉपची स्वतःची सेटिंग्ज, आणि विंडोज. चाचणी अगदी सोपी आहे. त्याच संगणकावर नवी कोरी फाइल घ्या, पांढऱ्या पार्श्वभूमीवर एक शब्द टाइप करा आणि त्याला ड्रॉप शॅडो द्या. सावली दिसली तर सॉफ्टवेअर ठणठणीत आहे, दोष आधीच्या फाइलमध्ये आहे. अडचण शॉर्टकटची असेल तर ते काम मेनूतून करून पाहा. मेनूतून होते पण कळीने होत नाही, तर शोध फोटोशॉपच्या कळ-सेटिंगमध्ये किंवा विंडोजमध्ये घ्यायचा. मेनूतही ते नाव फिकट दिसत असेल तर कळीला दोष देऊ नये. त्या क्षणी ते कामच करता येत नाही, एवढाच त्याचा अर्थ.

आता लपलेल्या इफेक्टबद्दल, कारण सर्वाधिक गोंधळ तिथे आहे. लेयर पॅनेलमध्ये त्या लेयरच्या उजव्या टोकाला ‘एफएक्स’ ही खूण आहे का ते पाहावे. खूण नसेल तर इफेक्ट लपलेला नाही, निघून गेलेला आहे. कोणी ‘क्लिअर लेयर स्टाइल’ केले असेल, किंवा एफएक्सची खूण ओढून दुसऱ्या लेयरवर नेली असेल. आल्ट धरून ओढले तर इफेक्टची प्रत होते. न धरता ओढले तर तो मूळ लेयरवरून उठून जातो. लेयर मर्ज केला असेल तर सावली डोळ्यांना दिसते, पण ती चित्रात मुरलेली असते. तिला आता हात लावता येत नाही.

खूण असेल तर शेजारच्या लहान बाणावर क्लिक करून यादी उलगडावी. ‘इफेक्ट्स’ या शब्दाच्या डावीकडे एक डोळा असतो आणि खाली प्रत्येक इफेक्टला त्याचा वेगळा डोळा. वरचा डोळा बंद असेल तर खालचे उघडे असूनही काही दिसत नाही. एका लेयरचा नव्हे तर साऱ्या फाइलमधल्या लेयर्सचा इफेक्ट एकदम गेला असेल, तर लेयर मेनूतील लेयर स्टाइलमध्ये जाऊन ‘शो ऑल इफेक्ट्स’ करावे. हा प्रकार घडतो कसा? एफएक्सवर राइट क्लिक केले की येणाऱ्या मेनूच्या तळाशी ‘हाइड ऑल इफेक्ट्स’ आणि ‘स्केल इफेक्ट्स’ एकाखाली एक असतात. स्केल करायला गेलेला हात वर पडतो. नावातला ‘ऑल’ त्या लेयरच्या सगळ्या इफेक्ट्सपुरता नसून पूर्ण फाइलला लागू होतो, हे पुष्कळांना ठाऊक नसते.

डोळे सगळे उघडे, तरी परिणाम दिसत नाही, ही पुढची पायरी. इथे ओपॅसिटी आणि फिल हा फरक समजून घ्यावा. ओपॅसिटी कमी केली की लेयर आणि त्याचे इफेक्ट दोन्ही फिकट होतात. फिल कमी केले की फक्त लेयरमधले चित्र किंवा अक्षरे फिकट होतात. सावली, स्ट्रोक (कडेची रेघ), ग्लो (कडेची चमक) तसेच राहतात. त्यामुळे अक्षरे नाहीत पण सावली आहे, असे दिसले तर फिल शून्य झाले आहे असे समजावे. ते शून्यावर गेले कसे, याचे उत्तर कळफलकावर आहे. मूव्ह टूल किंवा टाइप टूलसारखे, ज्याला स्वतःची ओपॅसिटी नाही असे टूल निवडलेले असताना आकडा दाबला की लेयरची ओपॅसिटी बदलते: ५ म्हणजे ५० टक्के, ० म्हणजे १००, पटकन दोनदा ० म्हणजे शून्य. शिफ्टसह आकडा दाबला की फिल बदलते. टेक्स्ट बॉक्स उघडा आहे असे समजून कोणी मोबाइल क्रमांक टाइप केला आणि बॉक्स प्रत्यक्षात बंद असला, तर क्रमांक उमटत नाही, लेयर मात्र फिकट होतो. क्रमांकाच्या शेवटी दोन शून्ये असतील तर लेयर पूर्ण नाहीसा. ब्रश निवडलेला असताना तेच आकडे ब्रशची ओपॅसिटी बदलतात. ‘माझ्याकडे हा शॉर्टकट वेगळाच चालतो’ ही तक्रार बहुधा इथून येते.

शिफ्टसह अधिक किंवा वजा ही कळही अशीच. तिने लेयरचा ब्लेंड मोड, म्हणजे खालच्या लेयरशी मिसळण्याची पद्धत, एकेक घर पुढे-मागे सरकतो. पांढरी अक्षरे नॉर्मलवरून मल्टिप्लायवर गेली की दिसेनाशी होतात, कारण मल्टिप्लायमध्ये पांढऱ्याचा काहीच परिणाम होत नाही. तसेच काळ्या पार्श्वभूमीवर ड्रॉप शॅडो दिसत नाही. तिचा ठरावीक मोड मल्टिप्लाय आणि रंग काळा; काळ्यावर काळे काय दिसणार? तिथे सावलीचा हट्ट सोडावा आणि आउटर ग्लो किंवा फिकट रंगाचा स्ट्रोक द्यावा. सावलीचे डिस्टन्स आणि साइज दोन्ही शून्य असले तरी सावली असते, पण नेमकी अक्षरांच्या मागे दडलेली.

इफेक्ट एकमेकांनाही झाकतात. लेयर स्टाइलच्या खिडकीत डावीकडे जी यादी असते तिचा क्रम उगाच नाही. वरचा इफेक्ट खालच्याच्या वर रंगवला जातो. कलर ओव्हरले (वरून चढवलेला एकच रंग) हा ग्रेडियंट ओव्हरले (बदलत्या छटा) आणि पॅटर्न ओव्हरले (नक्षी) यांच्या वर आहे. तो नॉर्मल मोडमध्ये १०० टक्के चालू असेल तर खालचा सोनेरी ग्रेडियंट कितीही बदला, अक्षरे एकरंगीच राहतात. विकत घेतलेल्या किंवा फुकट मिळालेल्या डिझाइन पीएसडीमध्ये हे फार आढळते. अशा फायलींत एकाच लेयरवर दोन-दोन, तीन-तीन स्ट्रोक आणि सावल्याही असतात, कारण २०१५ पासूनच्या आवृत्त्यांत ड्रॉप शॅडो, इनर शॅडो, स्ट्रोक, कलर ओव्हरले आणि ग्रेडियंट ओव्हरले हे इफेक्ट अधिकच्या खुणेवर क्लिक करून एकाहून जास्त वेळा लावता येतात. त्याच खिडकीच्या डाव्या तळाशी एक छोटे ‘एफएक्स’ आहे. त्यातले ‘डिलीट हिडन इफेक्ट्स’ दाबले की खूण न केलेले इफेक्ट यादीतूनच नाहीसे होतात, आणि ‘माझ्या फोटोशॉपमध्ये बेव्हल अँड एम्बॉसच नाही’ असे वाटू लागते. तिथेच ‘रीसेट टू डिफॉल्ट लिस्ट’ आहे, त्याने यादी परत येते.

मास्क लावलेल्या लेयरचे दुखणे वेगळे. फोटोला मास्क लावून कडा कापली आणि स्ट्रोक दिला, तर स्ट्रोक मास्कच्या कडेने धावतो. पुष्कळदा तेच हवे असते. पण फोटो खालून विरत गेल्यासारखा दाखवायचा असेल तर त्या विरत्या कडेवर स्ट्रोक किंवा सावली घाणेरडी दिसते. लेयरवर डबल क्लिक करून ब्लेंडिंग ऑप्शन्समधील प्रगत भागात ‘लेयर मास्क हाइड्स इफेक्ट्स’ ही चौकट आहे. तिच्यात खूण केली की मास्क इफेक्टलाही झाकतो. उलट सावली मास्कच्या रेषेवर कापल्यासारखी थांबत असेल तर हीच चौकट चालू राहिलेली आहे, ती काढावी. व्हेक्टर मास्कसाठी तशीच वेगळी चौकट आहे.

क्लिपिंग मास्कमध्ये (वरचा लेयर खालच्याच्या आकारापुरताच दिसतो तिथे) नेहमी विचारला जाणारा प्रश्न असा: अक्षरांत फोटो भरला, पण फोटो दिसत नाही, अक्षरे एकाच रंगाची दिसतात. खालच्या अक्षरांच्या लेयरवर कलर ओव्हरले चालू आहे आणि तो वर क्लिप केलेल्या फोटोवरही चढतो, हे त्याचे कारण. एक तर ओव्हरलेचा डोळा बंद करावा, नाहीतर अक्षरांच्या लेयरच्या ब्लेंडिंग ऑप्शन्समध्ये ‘ब्लेंड इंटीरियर इफेक्ट्स अ‍ॅज ग्रुप’वर खूण करावी. लेयर ज्या ग्रुपमध्ये आहे त्या ग्रुपचा डोळा, ओपॅसिटी आणि मास्क तपासायला विसरू नये. आत सगळे बरोबर आणि दार बाहेरून बंद, असेही होते.

एफएक्सचे बटणच फिकट असेल तर दोन शक्यता. लेयर ‘बॅकग्राउंड’ असेल. त्यावर डबल क्लिक करून त्याचा साधा लेयर करावा. किंवा जिफसारखी इंडेक्स्ड कलरची फाइल उघडली असेल. इमेज मेनूतील मोडमध्ये जाऊन ती आरजीबी करावी.

फ्लेक्सवाल्यांसाठी एक गोष्ट खास. १० फूट बाय ५ फुटांचा फ्लेक्स ७२ पीपीआयवर (इंचाला ७२ पिक्सेल) केला तर फाइल ८६४० बाय ४३२० पिक्सेलची होते. तीच फाइल व्हॉट्सअ‍ॅपसाठी १०८० पिक्सेल रुंद केली, म्हणजे आठपट लहान केली. इमेज साइजच्या खिडकीत वर उजवीकडे दातेरी चाकाची खूण आहे, त्यात ‘स्केल स्टाइल्स’ असते. ते बंद असेल तर ४० पिक्सेलचा स्ट्रोक लहान चित्रातही ४०च राहतो आणि अक्षरे गुदमरून जातात. चालू असेल तर तो ५ पिक्सेलचा होतो. कंट्रोल + टी करून एखादाच लेयर लहान-मोठा केला तर मात्र इफेक्ट आपोआप बदलत नाहीत. तिथे ‘स्केल इफेक्ट्स’मध्ये टक्के द्यावे लागतात. मोठ्या फ्लेक्सवर स्ट्रोक अजून जाड हवा असेल तर एक मर्यादा लक्षात ठेवावी: स्ट्रोकची साइज २५० पिक्सेलच्या पुढे जात नाही. आणि एका लेयरच्या सावलीचा कोन बदलला की सगळ्यांचा बदलतो, याला ‘यूज ग्लोबल लाइट’ कारणीभूत असते. एखादीच सावली वेगळी हवी असेल तर त्या इफेक्टमध्ये ती खूण काढावी. दुसऱ्या फाइलमधून आणलेल्या लेयरची सावली अचानक उलट्या बाजूला पडते तीही याचमुळे: तो लेयर नव्या फाइलचा ग्लोबल लाइट स्वीकारतो.

लेयरच पॅनेलमध्ये सापडत नसेल तर पॅनेलच्या वरच्या फिल्टरच्या पट्टीकडे पाहावे. फोटोशॉपच्या सीएस ६ आवृत्तीपासून, म्हणजे २०१२ पासून, ही पट्टी आहे. तिच्या उजव्या टोकाचा बारीक स्विच लाल असेल तर फिल्टर चालू आहे, आणि लेयर चित्रात असूनही यादीत दिसणार नाहीत. स्विच बंद करावा. ही पट्टी कामाचीही तितकीच आहे: ‘काइंड’च्या जागी ‘इफेक्ट’ निवडून ड्रॉप शॅडो घेतले की शंभर लेयर्सच्या फाइलमधले सावलीवाले तेवढे समोर येतात. ‘अ‍ॅट्रिब्यूट’मध्ये ‘अ‍ॅडव्हान्स्ड ब्लेंडिंग’ निवडले तर वर सांगितलेल्या चौकटी कोणी कुठे बदलल्या आहेत तेही सापडते. परक्या पीएसडीवर काम करणाऱ्याने आधी हे करावे.

पॅनेलमधल्या डोळ्यावर आल्ट धरून क्लिक केले की तो एक लेयर सोडून बाकी सगळे लपतात. पुन्हा आल्ट-क्लिक केले की पूर्ववत होतात, पण मधल्या काळात दुसऱ्या कुठल्या लेयरचा डोळा उघडला-मिटला असेल तर जुनी स्थिती परत येईलच असे नाही. हिस्टरी पॅनेलच्या ऑप्शन्समध्ये ‘मेक लेयर व्हिजिबिलिटी चेंजेस अनडूएबल’ या चौकटीत खूण केलेली नसेल तर कंट्रोल + झेडनेही डोळे परत उघडत नाहीत. ही चौकट प्रत्येकाने चालू ठेवावी, असे माझे स्पष्ट मत आहे. नव्या आवृत्त्यांत कंट्रोल + स्वल्पविराम ही निवडलेला लेयर लपवण्याची कळ आहे. चुकून लागते, आणि लेयर गेला असा समज होतो.

शॉर्टकट ‘मेले’ असे वाटते तेव्हा पहिला संशय अर्धवट राहिलेल्या कामावर घ्यावा. फ्री ट्रान्सफॉर्मची (कंट्रोल + टी) चौकट उघडी आहे, क्रॉप अर्धवट आहे, टेक्स्टमध्ये कर्सर लुकलुकतो आहे, लेयरचे नाव बदलायला घेऊन तसेच सोडले आहे. यांपैकी काहीही चालू असताना बहुतेक कळा गप्प बसतात. एंटर किंवा एस्केप, एवढाच उपाय. टेक्स्टमधून बाहेर पडायला कंट्रोल + एंटर.

ब्रश उमटत नसेल तर कारणे पाच-सहाच आहेत. अदृश्य सिलेक्शन: कंट्रोल + डी. ट्रान्सपरंट पिक्सेल्सचे लॉक: ते स्लॅशच्या एका कळीने लागते, त्याच कळीने निघते. क्विक मास्क: क्यू दाबला गेला की ब्रश रंगाऐवजी तांबूस थर देतो, पुन्हा क्यू. लेयरऐवजी मास्क निवडला गेला असेल तर लेयरच्या चित्रावर क्लिक करावे. ब्रशचा गोल जाऊन बारीक फुली आली असेल तर कॅप्स लॉक चालू आहे. सगळी पॅनेल्स एकदम गेली तर टॅब, टूलबार सोडून बाकीची गेली तर शिफ्ट + टॅब, मेनूही गेला तर एफ. मेनू आहे पण त्यातली एखादी ओळच नाही, असे असेल तर एडिट मेनूतील ‘मेनूज’मध्ये कोणीतरी ती ओळ लपवली आहे, अशा मेनूच्या तळाशी ‘शो ऑल मेनू आयटेम्स’ येते.

दुकानात एका संगणकावर तीन पाळ्यांत तीन ऑपरेटर बसतात. एखाद्याने आपल्या सोयीने कळा बदललेल्या असतात. आल्ट + शिफ्ट + कंट्रोल + के ही कळांची खिडकी. वर ‘फोटोशॉप डिफॉल्ट्स’ या नावापुढे ‘मॉडिफाइड’ लिहिलेले दिसले की चोर सापडला. त्याच्या कळा वेगळ्या नावाने सेव्ह करून ठेवाव्यात, मोडू नयेत, आणि यादीतून मूळ संच निवडावा. त्या खिडकीतले ‘समराइज’ हे बटण आजच्या सगळ्या कळांची यादी एका फाइलमध्ये काढून देते. मॉनिटरशेजारी चिकटवायची असेल तर ती चिकटवा; ती निदान त्याच संगणकाची असते.

मराठीत काम करणाऱ्यांना एक अडचण जास्तीची आहे, तिच्याबद्दल याद्यांत अवाक्षर नसते. विंडोजमध्ये इंग्रजी आणि मराठी असे दोन कळफलक घातले की भाषा बदलण्याची एक कळ असते डावा आल्ट + शिफ्ट. फोटोशॉपचे कितीतरी शॉर्टकट आल्ट आणि शिफ्ट धरूनच द्यावे लागतात. मल्टिप्लायसाठी आल्ट + शिफ्ट + एम दाबायला जावे आणि बोट जरा आधी उचलले जावे, की भाषा बदललीच. इन्स्क्रिप्ट या मराठी कळफलकात व्हीच्या जागी न, बीच्या जागी व आणि ब्रश लहान करणाऱ्या चौकटी कंसाच्या जागी ड आहे. फोनेटिक पद्धतीत तर कळ आधी टंकन सॉफ्टवेअरच्या हाती जाते. मग एकेका अक्षराचे शॉर्टकट अडखळू लागतात, कंट्रोलसह असलेले मात्र बऱ्याचदा चालतात. नेमका हा अर्धवटपणा माणसाला बुचकळ्यात टाकतो. खाली टास्कबारवर भाषेची खूण पाहावी आणि विंडोज + स्पेसने इंग्रजीवर यावे. कायमचा उपाय: विंडोजच्या सेटिंग्जमध्ये टाइपिंगखालील प्रगत कळफलक सेटिंग्ज उघडून ‘इनपुट लँग्वेज हॉट कीज’मध्ये आल्ट + शिफ्टची नेमणूक काढून टाकावी. तिथेच प्रत्येक अ‍ॅपच्या खिडकीसाठी वेगळी भाषा ठेवण्याची चौकटही आहे. काही मराठी टंकन सॉफ्टवेअर भाषा बदलण्यासाठी कॅप्स लॉक किंवा एखादी फंक्शन-की वापरतात. फोटोशॉपमध्ये कॅप्स लॉकने ब्रशचा गोल जातो, आणि एफ १२ म्हणजे ‘रिव्हर्ट’, म्हणजे फाइल थेट शेवटच्या सेव्हवर. अशी कळ टंकन सॉफ्टवेअरमध्ये आधी बदलून घ्यावी.

विंडोजची आणखी दोन भुते. शिफ्ट पाच वेळा दाबली की स्टिकी कीज विचारते. घाईत ‘हो’ म्हटले की शिफ्ट, कंट्रोल, आल्ट धरल्यासारखे वागू लागतात. आणि लॅपटॉपवर एफ ७ दाबून लेयर पॅनेल येत नसेल, आवाज किंवा प्रकाश बदलत असेल, तर फंक्शन-कीच्या आधी एफएन धरावे लागते. बऱ्याच लॅपटॉपवर एफएन + एस्केपने ही अदलाबदल कायम करता येते.

आवृत्तीचा उल्लेख का हवा, तर आपल्याकडे अजून फोटोशॉप ७.० वर काम करणारी दुकाने आहेत आणि शेजारच्याच दुकानात ताजी आवृत्ती असते. ७.० ही २००२ची. तिच्यात कंट्रोल + जी म्हणजे क्लिपिंग. सीएस २ पासून तीच कळ ग्रुप करते आणि क्लिपिंगसाठी आल्ट + कंट्रोल + जी लागते. २०१८च्या ऑक्टोबरमध्ये सीसी २०१९ येईपर्यंत कंट्रोल + झेड एकच पाऊल मागे-पुढे करायचे. त्यानंतर ते मागेमागेच जाते. ट्रान्सफॉर्म करताना प्रमाण राखायला पूर्वी शिफ्ट धरावी लागे. आता न धरता प्रमाण राखले जाते आणि शिफ्ट धरली की फोटो ताणला जातो. जुन्या सवयीच्या हाताने शिफ्ट धरून केलेले फोटो लग्नाच्या अल्बमांत आडवे झालेले दिसतात ते यामुळे. दोन्ही जुन्या पद्धती परत आणता येतात: पहिली कळांच्या खिडकीत ‘यूज लेगसी अनडू शॉर्टकट्स’ने, दुसरी प्रेफरन्सेसच्या जनरल भागात ‘यूज लेगसी फ्री ट्रान्सफॉर्म’ने.

गिंप हे फुकटचे फोटो-संपादन सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांनी फोटोशॉपची यादी समोर ठेवूच नये. तिथे कंट्रोल + टी ट्रान्सफॉर्म करत नाही, सिलेक्शनची रेघ लपवते. कंट्रोल + डी सिलेक्शन काढत नाही, फाइलची दुसरी प्रत उघडते; सिलेक्शन काढायला कंट्रोल + शिफ्ट + ए. २.१० आवृत्तीत फोटोशॉपच्या पीएसडीतील लेयर इफेक्ट येत नाहीत. मार्च २०२५ मध्ये आलेल्या ३.० मध्ये फिल्टर लेयरला जोडलेले राहतात आणि त्यांचा डोळा एफएक्सच्या खुणेखाली मिळतो. तिथे लपलेला इफेक्ट शोधायचा तर तो तिथे.

हे सगळे करूनही अडले तर, आणि तरच, प्रेफरन्सेस मूळ स्थितीत आणाव्यात. फोटोशॉप सुरू करताच आल्ट + कंट्रोल + शिफ्ट तिन्ही धरून ठेवाव्यात. सेटिंग फाइल काढून टाकू का, असे विचारले जाते. त्याआधी अ‍ॅक्शन (एका क्लिकने पुन्हा करता येणारी कामांची साठवलेली मालिका), ब्रश आणि बदललेल्या कळांचा संच बाहेर सेव्ह करून घ्यावा. अ‍ॅक्शन पॅनेलमध्ये एकटी अ‍ॅक्शन नव्हे, तिचा पूर्ण सेट निवडल्याशिवाय ‘सेव्ह अ‍ॅक्शन्स’ उजळत नाही. घाईत हेच राहून जाते आणि वर्षानुवर्षे जमवलेल्या अल्बमच्या अ‍ॅक्शन्स जातात.

शेवटी शिकवणाऱ्यांसाठी एक सूचना. आयटीआयच्या डेस्कटॉप पब्लिशिंग ऑपरेटर या ट्रेडमध्ये आणि खासगी डीटीपी वर्गांत प्रात्यक्षिकाला कोरी फाइल देऊन ‘पोस्टर करा’ असे सांगतात. त्याऐवजी एखाद्या दिवशी मुद्दाम बिघडवलेली पीएसडी द्यावी: एका लेयरचे फिल शून्य, एकावर ग्रेडियंटला झाकणारा कलर ओव्हरले, सगळे इफेक्ट ‘हाइड ऑल’ने लपवलेले, एका ग्रुपला काळा मास्क. विद्यार्थी बाकावर बसल्यावर शिक्षकाने एक सिलेक्शन करून कंट्रोल + एच दाबावे, लेयरचा फिल्टर चालू करावा आणि कळफलक मराठीवर ठेवावा. विद्यार्थ्याने प्रत्येक दोष दुरुस्त करून समोर एवढेच लिहावे: तो फाइलमध्ये होता, फोटोशॉपमध्ये की विंडोजमध्ये, आणि कोणत्या कळीने गेला.

आपला,
फोटो एडिटिंग आणि डीटीपी शिकवणारा एक वाचक,
कोल्हापूर